शिल्लक आणि आवक : मोटारीचा अल्टरनेटर घरच्या घरी कसा तपासावा

आषाढातली संध्याकाळ. निपाणीच्या पुढे तवंदी घाटाजवळच्या स्तवनिधीचे दर्शन घेऊन आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून एक कुटुंब कोल्हापूरकडे परतीला निघते. मागच्या आसनावर आजी, तिच्या मांडीवर पेंगणारे नातवंड. पाऊस वाढतो, अंधार लवकर पडतो. दिवे, वायपर, काचेवरचे बाष्प घालवणारा पंखा, सारे एकदमच चालू होते. कागल जवळ येते न येते तोच पुढच्या दिव्यांचा उजेड पिवळट पडू लागतो. वायपर जड पावलांनी चालल्यासारखे फिरू लागतात. समोरच्या फलकावर एकामागून एक तांबडे-पिवळे दिवे लागतात आणि इंजिन निमूटपणे बंद पडते. भर महामार्गावर, बाजूने सुसाट जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत, दिवे नसलेली मोटार उभी राहते.

अशा वेळी मालकाच्या तोंडून बहुधा एकच वाक्य निघते : ‘अहो, तीन आठवड्यांपूर्वीच तर नवी बॅटरी घातली!’

सगळी मेख याच वाक्यात आहे. सकाळी गाडी सुरू झाली नाही म्हणून बॅटरी बदलली गेली. नवी बॅटरी भरलेली असल्याने काही दिवस काम निभावले. पण तिच्यात रोजच्या रोज भर घालणारे यंत्र, म्हणजे अल्टरनेटर, आधीच थकलेले होते. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. खर्च झाला, दोष मात्र तसाच राहिला.

शिल्लक कोणती, आवक कोणती?

व्यापारी घराला ही गोष्ट समजावून सांगणे अवघड नाही. बॅटरी ही खात्यातली शिल्लक आहे आणि अल्टरनेटर ही रोजची आवक. दिवे, पंखे, वायपर, इंधनाचा पंप, इंजिनाचा संगणक हा सारा खर्च. इंजिन सुरू करण्यासाठी काही क्षण मोठी रक्कम एकदम उचलावी लागते, ती शिल्लकीतून. एकदा इंजिन चालू झाले की पुढचा सगळा खर्च आवकेतून भागायला हवा आणि उचललेली रक्कमही परत खात्यात जमा व्हायला हवी. आवक थांबली तर शिल्लक कितीही मोठी असो, ती संपणे हा केवळ वेळेचा प्रश्न असतो. दुकानाची तपासणी करताना केवळ गल्ल्यातली रोकड पाहून कोणी समाधान मानत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र बहुतेक जण तेवढ्यावरच थांबतात.

हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहावा. लहान मोटारीची बॅटरी साधारण ४५ अँपिअर-तासांची असते. पुढचे ५५ वॉटचे दोन दिवे मिळून सुमारे ९ अँपिअर घेतात. मागचे व फलकावरचे दिवे, वायपर, हवेचा पंखा, इंधन पंप आणि ठिणगीची यंत्रणा धरली तर पावसाळी रात्री एकूण खर्च अंदाजे ३० अँपिअरच्या घरात जातो. भागाकार केला तर दीड तास येतो. परंतु बॅटरी अर्धी उतरल्यावरच दिवे मंदावतात आणि इंजिनाचा संगणक अडखळू लागतो. म्हणून प्रत्यक्षात पाऊण तास ते तासभरच हाती लागतो. कोल्हापूर ते बेळगाव हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. केवळ शिल्लकीवर रात्री, पावसात, बेळगाव गाठता येत नाही, हा या हिशेबाचा अर्थ.

यंत्र आत काय करते?

१८३१ मध्ये इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, की त्या तारेत वीज निर्माण होते. लोहाराच्या घरात जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या माणसाच्या शोधावरच आजची प्रत्येक मोटार चालते.

इंजिनाच्या पट्ट्याने, म्हणजे बेल्टने, अल्टरनेटरची पुली फिरते. तिच्याबरोबर आतला रोटर फिरतो. दोन लहान कार्बन ब्रशांमधून रोटरला थोडी वीज मिळते आणि तो चुंबक बनतो. त्याच्याभोवती स्थिर असलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, वीज तयार होते. ही वीज उलटसुलट वाहणारी असते. बॅटरीला ती चालत नाही. म्हणून डायोड नावाचे एकदिशा दरवाजे तिला सरळ करतात. शेवटी रेग्युलेटर हा दक्ष कारभारी दाब १४ व्होल्टच्या आसपास राखतो. इंजिन हळू फिरो वा जोरात. जुने मेस्त्री आजही याला ‘डायनामो’ आणि रेग्युलेटरला ‘कटआऊट’ म्हणतात, कारण पहिल्या पिढीतील अँबॅसडरसारख्या गाड्यांत खरोखरच डायनामो होता. तो इंजिन मंद फिरताना फारशी वीज देत नसे; अल्टरनेटरने ती उणीव भरून काढली.

यात झिजणाऱ्या गोष्टी मोजक्याच : बेल्ट, कार्बन, बेअरिंग, डायोड आणि रेग्युलेटर. त्यांपैकी काय बिघडले हे ओळखणे मेस्त्रींचे काम. पण दोष बॅटरीत आहे, जोडणीत आहे की अल्टरनेटरमध्ये, एवढे घरच्या अंगणात अर्ध्या तासात कळू शकते.

आधी डोळे आणि कान

मोटार सहसा सूचना दिल्यावाचून थांबत नाही. पहिली सूचना फलकावरचा बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा. किल्ली फिरवताच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागला तर ‘बॅटरी खराब’ असा अर्थ काढू नये. ‘जमा होणे थांबले आहे’ असा काढावा. किल्ली फिरवल्यावर तो मुळीच लागत नसेल तर तेही लक्षण चांगले नव्हे. सूचना देणाराच मुका झालेला असतो.

दुसरी सूचना दिव्यांची. सिग्नलला गाडी उभी असताना दिवे मंद आणि वेग दिला की प्रखर होत असतील तर आवक तोकडी पडते आहे. उलट दिवे अवाजवी प्रखर होऊन बल्ब वारंवार उडत असतील तर रेग्युलेटरचा ताबा सुटला आहे. तिसरी सूचना आवाजाची. पावसाळी सकाळी इंजिन सुरू करताच येणारी किंचाळी बहुधा सैल किंवा गुळगुळीत झालेल्या बेल्टची असते. सतत घरघर येत असेल तर संशय बेअरिंगचा. चौथी सूचना वासाची : जळके रबर किंवा तापलेल्या वार्निशचा वास आला तर पुढे जाऊ नये.

तपासणीपूर्वीची खबरदारी

लागते ते एक साधे डिजिटल मल्टिमीटर. विजेच्या सामानाच्या दुकानात ते काहीशे रुपयांत मिळते. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, बंद गॅरेजमध्ये नव्हे. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये असावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेणारा असतो. म्हणून विडी-सिगारेट, काडेपेटी, उदबत्ती जवळ नको.

एक गोष्ट या घरांना मुद्दाम सांगायला हवी. अंगठी, ब्रेसलेट, कडे, गळ्यातली साखळी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवूनच बॉनेट उघडावे. बॅटरीचे दाब बारा व्होल्टच असल्याने झटका बसत नाही, परंतु सोन्याचे कडे किंवा पाना दोन्ही टर्मिनलांना एकाच वेळी टेकला तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि धातू क्षणात लाल होतो. उपरणे, ओढणी, साडीचा पदर आणि सैल बाह्या फिरत्या बेल्टपासून दूर ठेवाव्यात. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, हेही ध्यानात असावे.

तपासणीच्या पाच पायऱ्या

पहिली पायरी बेल्टची. इंजिन बंद, किल्ली खिशात. बेल्टवर भेगा, तेलाचे डाग, काचेसारखी चकाकी आहे का पाहावे. दोन पुल्यांमधील लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास बेल्ट साधारण एक सेंटिमीटर दबावा. फार लोंबत असेल तर तो घसरतो आणि अल्टरनेटर निर्दोष असूनही पुरेसा फिरत नाही. अनेक नव्या गाड्यांत ताण आपोआप राखला जातो; तिथे केवळ झीज पाहावी.

दुसरी पायरी जोडणीची. टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय जमली असेल, किंवा लग हाताने हलत असेल, तर निम्मे उत्तर तिथेच मिळते. आधी ऋण, मग धन अशा क्रमाने तारा सोडवाव्यात. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातघासणीने टर्मिनले साफ करावीत. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बसवताना क्रम उलटा : आधी धन, मग ऋण.

तिसरी पायरी शिल्लक मोजण्याची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सुरू करण्यापूर्वी, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून तांबडी तार धन व काळी तार ऋण टर्मिनलला लावावी. १२.६ व्होल्ट म्हणजे खाते भरलेले, १२.४ म्हणजे साधारण पाऊण; १२.२ म्हणजे निम्मे. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामे. नंतर दुसऱ्याला इंजिन सुरू करायला सांगून आकडा पाहावा. सेल्फ मारताना तो क्षणभर उतरणारच. पण भरलेल्या बॅटरीवरही तो साडेनऊच्या बराच खाली जात असेल तर बॅटरीच म्हातारी झाली आहे.

चौथी पायरी आवक मोजण्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. इंजिन चालू ठेवून पुन्हा त्याच दोन टर्मिनलांवर मीटर लावावे. आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. मग पुढचे दिवे, हवेचा पंखा पूर्ण वेगाने आणि मागच्या काचेचा हीटर असल्यास तोही चालू करावा. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून इंजिन मध्यम वेगाने फिरवावे. सगळा खर्च चालू असतानाही आकडा साडेतेराच्या आसपास टिकला तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. इंजिन चालू असूनही आकडा सकाळच्या १२.४ वरच राहिला आणि हळूहळू उतरत गेला, तर आवक शून्य. आकडा १५ च्या वर चढत असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी गाडी चालवत राहिल्यास बॅटरीतले पाणी उकळून जाते आणि महागडी इलेक्ट्रॉनिक उपकरणेही धोक्यात येतात.

पाचवी पायरी वाटेतल्या गळतीची. कधी कधी अल्टरनेटर पुरेशी वीज देतो, पण ती बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. सर्व दिवे-पंखे चालू ठेवून मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावी. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर मधली तार किंवा जोड खराब. तसेच अल्टरनेटरचे धातूचे अंग आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल यांत ०.२ व्होल्टहून अधिक फरक असेल तर अर्थिंग सैल किंवा गंजलेले आहे. हा बोल्ट फिरत्या बेल्टच्या जवळ असेल तर ही पायरी स्वतः न करता ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

डायोडच्या दोषाची एक खूण मात्र सहज कळते. रात्रभर बंद असलेल्या गाडीचे बॉनेट सकाळी उघडून अल्टरनेटरला हात लावावा. तो कोमट लागला तर एकदिशा दरवाजा उघडाच राहिला आहे. रात्रभर बॅटरीची वीज उलट वाहून गेली आहे. रोज सकाळी बॅटरी उतरलेली सापडते, पण दिवसा चार्जिंग ठीक दिसते, अशा कोड्याचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

जुनी रीत आता नको

‘इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढा, गाडी बंद पडली तर डायनामो गेला’ अशी परीक्षा वडीलधारी मंडळी अजूनही सांगतात. डायनामोच्या काळात ती खपून जात असे. आज ती घातक आहे. बॅटरी ही धक्के शोषणाऱ्या गादीसारखी असते. ती अचानक काढली की अल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी उसळतो, आणि डायोड, रेग्युलेटर, प्रसंगी इंजिनाचा संगणकही निकामी होतो. काहीशे रुपयांचे मीटर वाचवण्यासाठी हजारो रुपयांचा संगणक पणाला लावण्यात व्यवहार नाही.

नव्या गाड्यांबाबत आणखी एक सावधगिरी. इंधन वाचवण्यासाठी अनेक गाड्यांत संगणकच अल्टरनेटरला कधी जास्त, कधी कमी काम सांगतो. बॅटरी भरलेली असेल तर चालत्या इंजिनावरही आकडा १२.८ दिसू शकतो. तेवढ्यावरून यंत्राला दोषी ठरवू नये. दिवे-पंखे लावून, काही मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. सौम्य हायब्रिड गाड्यांत स्टार्टर आणि जनरेटर एकत्रच असतात. पूर्ण हायब्रिड व विजेवरील गाड्यांत असा अल्टरनेटरच नसतो. तिथल्या नारिंगी रंगाच्या तारांना तर घरी कोणीही हात लावू नये.

पुराचे पाणी

कोल्हापूरकरांना आणखी एका कारणाने सावध राहावे लागते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदीने ही पातळी कितीतरी ओलांडली. शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली गेला. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारींच्या अल्टरनेटरमध्ये बारीक गाळ शिरतो. गाडी वाळून सुरू होते, मालक निश्चिंत होतो; पण गाळ कार्बन आणि बेअरिंग झिजवत राहतो आणि काही महिन्यांनी दोष उघडा पडतो. अनेक गाड्यांत अल्टरनेटर इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो. गुडघाभर पाण्यातून गाडी काढली तरी तो भिजू शकतो. म्हणून पाण्यातून गेलेल्या गाडीची चौथी पायरी त्या आठवड्यात आणि पुन्हा महिन्याने करून पाहावी. जुनी मोटार विकत घेतानाही हीच तपासणी उपयोगी पडते.

मेस्त्रींकडे जाताना

दोष अल्टरनेटरचाच ठरला तरी पूर्ण यंत्र बदलावे लागेलच असे नाही. ऊसपट्ट्यातील पंपांच्या मोटारी आणि शिवाजी उद्यमनगरातील कारखानदारी यांमुळे वाइंडिंग आणि बारीक दुरुस्ती जाणणारे हात कोल्हापूरला दुर्मीळ नाहीत. केवळ कार्बन झिजले असतील तर दुरुस्ती अल्प खर्चात होते. बेअरिंग, डायोड प्लेट, रेग्युलेटर हेही अनेक गाड्यांत सुटे मिळतात. वेटोळेच जळाले असेल तर रिवाइंडिंग की नवे यंत्र, याचा विचार गाडीचे वय पाहून करावा.

मेस्त्रींपुढे ‘गाडी चार्जिंग घेत नाही, बघा जरा’ एवढेच म्हणण्याऐवजी आपले आकडे कागदावर लिहून द्यावेत : सकाळी किती, सेल्फ मारताना किती, इंजिन चालू असता किती, सगळे दिवे लावल्यावर किती. प्रामाणिक कारागिराला त्याने राग येत नाही; उलट त्याचा वेळ वाचतो. दुरुस्तीनंतर तेच आकडे त्याच्यासमोर पुन्हा घ्यावेत आणि बदललेला जुना भाग पाहायला मागावा. ज्या घरात माल वजन करून घेतला जातो, त्या घराने दुरुस्तीही मोजून घ्यावी. यात अविश्वास नाही, चोख व्यवहार आहे.

नवा किंवा दुरुस्त अल्टरनेटर बसवल्यावर पूर्ण उतरलेली बॅटरी त्याच्यावर सोडू नये. आधी ती चार्जरवर भरून घ्यावी. शिल्लक टिकवणे हे अल्टरनेटरचे काम. बुडालेले खाते एका दमात भरायला लावले तर तो तापून पुन्हा बिघडतो.

वाटेत दिवा लागला तर

चालत्या गाडीत तांबडा दिवा लागला तर घाबरू नये, पण पुढेही रेटू नये. वातानुकूलन, पंखा, गाणी, मोबाइलचे चार्जर बंद करावेत. रात्री पुढचे दिवे मात्र कधीही बंद करू नयेत. इंजिन बंद केले तर ते पुन्हा सुरू होईलच असे नाही, म्हणून जवळचे सुरक्षित, उजेडाचे ठिकाण, पेट्रोल पंप किंवा गाव, गाठूनच थांबावे. दिव्याबरोबर स्टिअरिंग जड झाले किंवा इंजिनाचे तापमान वाढू लागले तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे; तेव्हा मात्र रस्त्याच्या कडेला घेऊन ताबडतोब इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि सर्वांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे.

दिवाळीला वह्या-पूजनापूर्वी जमाखर्च तपासला जातो. तसेच पावसाळ्याच्या आधी एकदा आणि लांबच्या यात्रेपूर्वी एकदा, एवढे दोन वेळा मीटर बॅटरीला लावण्याची सवय घराने लावून घ्यावी. दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांत कळते ते एवढेच की आवक चालू आहे. आणि मागच्या आसनावर आजी व नातवंडे बसलेली असताना, पावसाळी रात्री घाटातून उतरताना, चालवणाऱ्याला तेवढेच माहीत असणे पुरेसे असते.